पाना-पक्कड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. आमची पेट्रोल गाडी 11 वर्षांची आहे. दर आठवड्याला कूलंटची पातळी बोटभर खाली जाते. टॉर्च मारून बघितलं, तर इंजिनच्या मागे केबिनच्या पत्र्यात शिरणारे हीटरचे दोन रबरी पाइप आहेत, त्यातल्या खालच्याच्या तोंडाशी गुलाबी खरपुडी साचली आहे. क्लिप दिसते, पण हात पोचत नाही. गॅरेजवाला म्हणाला, मॅनिफोल्ड (इंजिनला जोडलेला नळ्यांचा संच) उतरवावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी परत आणली. मी आणि माझे दीर मिळून रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करू शकू का? की हीटरची लाइनच बंद करून टाकू? ठाण्यात हीटर लागतो कुणाला!
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : ताई, करा. फक्त गाडी आदल्या रात्रीपासून उभी असू द्या आणि सकाळी लवकर हात घाला. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत जवळजवळ एक बार दाब असतो, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की तेच कूलंट उसळून तोंडावर येतं.

गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये. काही गाड्यांत मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय तिथे खरंच पोचता येत नाही. पण आधी एअर फिल्टरचा डबा काढा आणि बॅटरी ट्रेसकट बाहेर घ्या. पाच-सहा बोल्टांचं काम आहे, आणि कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा होते. बॅटरी निघाली की रेडिएटरचा पंखा अचानक फिरण्याची भीतीही जाते.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी पैसे मोजून शिकलोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला फिटर होतो. स्टीमच्या लाइनी खोलण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे रबरी पाइपाला काय घाबरायचं, अशी मस्ती होती. ऐरोलीत आमच्या बिल्डिंगखाली हाच होज, म्हणजे रबरी पाइप, काढायला बसलो. रबर वर्षानुवर्षं भाजून नळीला चिकटलं होतं. मी मल्टीग्रिप पक्कड लावली आणि पिळली. आवाजसुद्धा आला नाही हो, शेवग्याची शेंग मोडावी तसं काहीतरी हाताला जाणवलं. हीटर कोअरची (डॅशबोर्डमागे हवा गरम करणाऱ्या जाळीची) ॲल्युमिनियमची नळी मुळापासून वाकून चिरली होती. कोअर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. दोन दिवस सीटवर स्क्रू आणि वायरी पसरल्या होत्या. सौ. खाली चहा घेऊन आली आणि तिने एवढंच विचारलं, "पाइप केवढ्याचा होता?"

तेव्हा जुना होज वाचवायला जाऊ नका. तो तसाही फेकायचाच आहे. वाचवायची आहे ती आतली नळी. टोकाजवळ ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर पाडा, पण रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच. उरलेली जाडी छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने उकलायची. ब्लेड धातूपर्यंत गेलं तर नळीवर ओरखडा उठतो आणि नवा होज नेमका त्या ओरखड्यातून गळतो. चीर पडली की होज केळ्याच्या सालीसारखा सुटतो. खाली घमेलं ठेवायला विसरू नका. मग नळीवरची पांढुरकी खरपुडी भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलकेच काढा.

क्लिपकडे वळू. तुमच्या गाडीत बहुधा दोन कान असलेली स्प्रिंगची क्लिप असेल. साधी पक्कड तिच्यावरून घसरते. त्यासाठी केबलवाली क्लॅम्प पक्कड मिळते : एका टोकाला जबडा, मध्ये हातभर लवचिक केबल, दुसऱ्या टोकाला मूठ. जबडा कानांवर बसवा, मूठ दाबून लॉक करा, क्लिप उघडीच राहते. ही पक्कड कुणाची तरी मागून आणा किंवा विकत घ्या, पण तिच्याशिवाय सुरुवात करू नका. पक्कड लावण्याआधी क्लिपच्या एका कानाला जाड दोरा बांधा. दोरा नसेल तर निसटलेली क्लिप जमिनीवरही पडत नाही. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात जाऊन बसते आणि तुम्ही दोघं अर्धा तास फरशीवर शोधत राहता. स्प्रिंग उडते, म्हणून चष्मा हवाच.

नवी क्लिपही स्प्रिंगचीच घ्या. स्क्रूची पट्टीवाली क्लिप स्वस्त आणि सोपी, पण रबर गरम-थंड होऊन दबत जातं, ती आहे तिथेच राहते आणि काही महिन्यांत पुन्हा आवळावी लागते. जिथे हातच पोचत नाही तिथे आवळणार कसं? स्प्रिंग रबराच्या मागे मागे आपोआप आवळत जाते.

होज त्याच गाडीचा, साच्यात वळवलेला घ्या. मीटरवर मिळणारा सरळ पाइप त्या वळणावर चपटा होतो. दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्या. बसवताना होजच्या तोंडाला आतून थोडं कूलंट लावा, म्हणजे तो सरकतो. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, त्याने हे रबर फुगतं. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या पलीकडे बसली पाहिजे. आणि क्लिपचे कान वर, तुमच्याकडे करून ठेवा. कारखान्यात जोडणी करणाऱ्याने ते केबिनच्या पत्र्याकडे केले होते, म्हणून तर तुम्ही मला पत्र लिहिलंत.

हीटर बंद करण्याचं म्हणाल, तर दोन्ही तोंडांना बुच मारू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप) बंद असताना कूलंट याच वाटेने फिरतं. अगदी अडलंच तर इंजिनकडून येणारी दोन टोकं एकाच पाइपाने जोडून वळसा देतात. माझी नळी मोडली तेव्हा मीही आठवडाभर तेच केलं होतं. पण जुलैच्या पावसात समोरची काच धूसर होते, तेव्हा गरम हवा लागते बरं का, ठाण्यातसुद्धा.

शेवटी एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढणं; यात बरेच जण घाई करतात. पुढची चाकं उतारावर वर चढवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून कूलंट हळूहळू ओता. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. झाकण लावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा आली की एअर निघाली समजा. पहिल्याच दिवशी घोडबंदरला गायमुख घाटाच्या ट्रॅफिकमध्ये घुसू नका. कोलशेतमध्येच चार फेऱ्या मारा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघा.

घमेल्यातलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि पार्किंगमधली मांजरं ते चाटतात.

प्रश्न : टॉप-अपला घरचं आरओचं पाणी चालेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतातच. डिस्टिल्ड वॉटर घ्या, आणि तेही कॅनवर पाणी मिसळायला सांगितलं असेल तरच; तयार मिसळलेलं कूलंट असेल तर ते थेट ओता. पाम बीच रोडवर मधेच तापमानाची सुई वर गेली आणि जवळ दुसरं काहीच नसेल, तर इंजिन नीट थंड होऊ द्या, पिण्याचं पाणी घालून घरी या आणि त्याच आठवड्यात सगळं बदला.