पीएचडी करणाऱ्यांना शिकवायचं ट्रेनिंग खरंच लागतं का, की अनुभवाने जमतं?

तुम्ही लिहिलंय की पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, पुढच्या सेमिस्टरपासून पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास घ्यायचेत, डिपार्टमेंटने सिलॅबस आणि टाइमटेबल हातात दिलंय बास, आणि गाइड म्हणतात दोन-तीन वर्षांत आपोआप जमेल. माझं स्पष्ट मत आहे की ट्रेनिंग लागतं. अनुभवाने जमतं हे अर्धंच खरं, कारण अनुभवाने चुकासुद्धा पक्क्या होतात, आणि त्या दोन-तीन वर्षांत जी मुलं तुमच्यासमोर बसतील त्यांना तो विषय परत कुणी शिकवणार नसतं.

मी संख्याशास्त्रात पीएचडी केली. पहिलं लेक्चर 50 मिनिटांचं, त्यासाठी चार दिवस तयारी केली, साठेक स्लाइड्स, प्रत्येक सूत्र कुठून आलं ते सगळं, वेळेत संपवलं, शेवटी "समजलं ना?" विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात छोटी टेस्ट घेतली तर स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यातला फरक जवळपास कुणालाच सांगता आला नाही, आणि अर्धं लेक्चर त्याच्यावरच होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलं हुशार होती, लक्ष देत होती, म्हणजे चूक माझ्या बाजूला होती, पण नेमकी कुठे हे सांगणारं कुणी नव्हतं.

नंतर कळलं की हे पीएचडीवाल्यांचं खास दुखणं आहे. आपण त्या विषयात इतके आत गेलेलो असतो की तो येत नव्हता तेव्हा डोक्यात काय चालायचं हेच विसरून गेलेलो असतो. 1990 मधे स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने तिच्या पीएचडीतच एक प्रयोग केला होता, एकाने माहितीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी तरी ओळखतील, प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. माझ्या साठ स्लाइड्स म्हणजे ती टकटक होती.

आता ट्रेनिंग म्हणजे काय, तर एक दिवसाचं वर्कशॉप, सर्टिफिकेट आणि चहा एवढंच असेल तर माझ्या मते त्याने फारसं काही बदलत नाही. मला खरा फरक पडला तो एका सीनियर मॅडममुळे. त्या तीन वेळा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि वहीत फक्त एवढंच लिहीत होत्या की मी प्रश्न कधी विचारला, किती सेकंद थांबले आणि उत्तर कुणी दिलं. तास संपल्यावर वही माझ्यापुढे ठेवली. बहुतेक प्रश्नांनंतर मी दीड-दोन सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाले होते! मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात शाळांच्या विज्ञानाच्या तासांवर हेच मोजलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंद थांबायचे, आणि तीन सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांब व्हायची, एरवी गप्प बसणारी मुलंसुद्धा बोलायची. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण वर्गासमोर उभं राहून मोजा, फार लांब वाटतात. मी मनात आकडे म्हणायची सवय लावली.

म्हणून माझा सल्ला, आधी असा एक माणूस शोधा जो येऊन बसेल. तो तुमच्या विषयाचा नसला तर उत्तमच, कारण कुठे सुटलं ते त्याला लगेच कळतं. कुणी मिळत नसेल तर लॅबमधले तिघं-चौघं गोळा करा, सात-आठ मिनिटांत एकच कल्पना शिकवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, बघा, आणि तेच परत शिकवा. बीएडवाले याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात, 1963 च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्टॅनफर्डला सुरू केलं. यातला परत शिकवण्याचा भाग लोक गाळतात, पण खरं शिकणं तिथेच होतं.

तासाला मुलांना काहीतरी करायला द्या. 2014 मधे फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के आणि मुलं स्वतः काही करतात त्या वर्गात 21.8 टक्के. पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, 2019 मधे हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत असं दिसलं की अशा पद्धतीने मुलं जास्त शिकली पण त्यांना स्वतःला वाटत होतं की कमी शिकलो. त्यामुळे पहिल्या दिवशीच सांगा की डोक्याला ताण पडेल आणि तो का पडतो, नाहीतर फीडबॅक फॉर्मवर 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असं येतं आणि नवा शिक्षक घाबरून परत स्लाइड्सकडे वळतो. मी असे दोघं-तिघं बघितलेत आणि फार वाईट वाटतं.

पेपर तपासणं तर कुणी शिकवतच नाही. दोघांनी तेच दहा पेपर वेगवेगळे तपासा आणि मार्क जुळवून बघा, आमचा एकाच उत्तरावर दहापैकी चार मार्कांचा फरक आला होता. त्यानंतर कशाला किती मार्क हे आधी लिहून काढल्याशिवाय मी गठ्ठा उघडत नाही.

आणि गाइडची भीती, की शिकवण्यात वेळ गेला तर रिसर्च मागे पडेल. 2011 मधे सायन्स या जर्नलमधे फेल्डन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, विज्ञान-इंजिनिअरिंगच्या 95 विद्यार्थ्यांचे रिसर्च प्रपोजल वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासले, तर शिकवणं आणि रिसर्च दोन्ही करणाऱ्यांची गृहीतकं मांडण्यात आणि प्रयोग आखण्यात नुसता रिसर्च करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. हे गाइडना शांतपणे दाखवा. मात्र तयारीला मर्यादा घाला, एका तासाच्या लेक्चरला दोन तास, त्यापुढे फाइल बंद, कारण चार दिवस खपून केलेल्या माझ्या तयारीचं काय झालं ते वर सांगितलंच.

सेमिस्टर संपेपर्यंत फीडबॅकची वाट बघू नका. चौथ्या आठवड्यात शेवटची पाच मिनिटं ठेवून कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको, दोनच ओळी, काय कळलं आणि कुठे अडलं. पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या अडचणीने करा.