जुन्या सीडींचा आवाज सुधारायला काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की ऐंशीच्या दशकातल्या तुमच्या सीडी, प्लेअरवर लावल्या की बऱ्या वाजतात, पण कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या की आवाज पातळ आणि टोचरा येतो. मग महागडी केबल आणि सीडीच्या कडेला फासला की आवाज सुधारतो म्हणतात तो हिरवा मार्कर घ्यावा का?

दोन्ही नका घेऊ. लेझर तबकडीवरून नुसते आकडे वाचतो आणि छोट्या चुका प्लेअर गणिताने दुरुस्त करतो. दुरुस्ती जमली की आकडे मूळचेच असतात. मार्करने ते अधिक गोड होत नाहीत.

तुमचं दुखणं मला ओळखीचं वाटतंय. माझ्याकडच्या एका जुन्या जपानी सीडीचं असंच झालं होतं. प्लेअरवर सुरेख, फाइलमध्ये मात्र प्रत्येक 'स' शिट्टीसारखा. मी वेड्यासारखे हेडफोन बदलत बसलो! शेवटी निघालं प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांचा खरखराट लपवायला काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम चढवून भरत, अगदी वरच्या टोकाला जवळजवळ १० डेसिबल. सीडीवर तशी खूण असते. ती पाहून प्लेअर वाजवताना तेवढंच उतरवतो, त्याबरोबर खरखरही उतरते. कॉम्प्युटर बहुतेक वेळा आकडे जसेच्या तसे उचलतो आणि खूण मागेच राहते. सॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात 'डीएम्फ' हा इफेक्ट लावा आणि फाइल २४ बिटमध्ये (सीडीच्या १६ बिटपेक्षा बारीक आकड्यांत) साठवा. पण आधी खूण आहे का ते तपासा, कारण नसलेल्या सीडीला लावलात तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होईल. ही खूण कधी तबकडीच्या सुरुवातीच्या सूचीत नसते, फक्त ट्रॅकच्या उपमाहितीत, म्हणजे गाण्याच्या आकड्यांसोबत भरलेल्या जोडमाहितीत, असते, त्यामुळे साध्या तपासणीत निसटते.

पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने लांबत जातो आणि सलग अडीच मिलिमीटरच्या पुढचं नुकसान गणिताला झेपत नाही. आणि छापील बाजू जपा! माहितीचा थर त्या शाईच्या लगेच खाली असतो; चकचकीत बाजूला सुमारे १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच तरी आहे.

'रीमास्टर' (जुनं रेकॉर्डिंग नव्याने सुधारून काढलेलं) या शब्दाला भुलून तीच सीडी पुन्हा घेऊ नका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अशा कित्येक आवृत्त्या नुसत्या मोठ्या आवाजात दाबून भरल्या आहेत. जुनी सीडी हळू वाजत असेल तर व्हॉल्यूम वाढवा की. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरून सीडीवर आलेल्या नाट्यपदांचं तर वेगळंच. खरखर काढायच्या नादात सारंगीची धार आणि गायकाचा श्वासही पुसून टाकलेला असतो, आणि तो कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. अशा वेळी मी खरखरीची जुनी प्रत शोधतो.

तुमच्या सीडींवर 'जपानमध्ये बनवलेली' असं छापलंय का? असेल तर प्री-एम्फसिसच्या खुणेची तपासणी त्यांच्यापासूनच सुरू करा, माझी ती सीडीही जपानीच होती.