सुरुवात फू हाओच्या थडग्यापासून करा

चिनी राजथडग्यांचा अभ्यास सुरू करताय, छान. पण बहुतेक जण करतात तसं थेट शीआनच्या मातीच्या सैनिकांकडे धावू नका. ते सैनिक ज्याच्यासाठी पुरले, त्या सम्राट छिन श्री ह्वांगची मूळ कबर अजून उघडलेलीच नाही, त्यामुळे तिथे आतलं बरंचसं अंदाजावर चालतं.

त्याऐवजी चीनच्याच हनान प्रांतातल्या आन्यांगला या. 1976 साली चंग चनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या तुकडीला शांग घराण्यातला राजा वू दिंग (सुमारे इ.स.पू. 1200) याची राणी फू हाओ हिचं थडगं सापडलं. खड्डा जेमतेम 5.6 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद. राजांची भलीमोठी थडगी चोरांनी कधीच धुऊन नेली होती, हे मात्र शाबूत राहिलं! चारशेहून जास्त ब्राँझच्या वस्तू, साडेसातशेच्या आसपास जेड या मौल्यवान दगडाच्या, शिवाय जवळजवळ 7,000 कवड्या. आणि सोबत पुरलेली माणसं, किमान सोळा. ब्राँझ-जेडच्या कौतुकात ती माणसं विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

खरी मौज पुढे आहे. ब्राँझच्या भांड्यांवर फू हाओचं नाव उमटवलंय, आणि तेच नाव कौल लावायच्या हाडांवरही येतं (हाडं तापवून पडलेल्या तड्यांवरून कौल घ्यायचा, आणि प्रश्न त्यांच्यावरच कोरायचा). एका नोंदीत ती 13,000 सैन्यासह मोहिमेवर आहे. दुसरीत राजा तिच्या बाळंतपणाचा कौल लावतोय. मुलगी झाली, म्हणून ‘शुभ नाही’ असा शेरा! लेखी नोंद आणि जमिनीखालचा पुरावा एकाच व्यक्तीबद्दल जुळणं शांग काळात फार दुर्मीळ. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचा, नुसते वस्तूंचे फोटो बघत बसू नका.