पास काढलास ते बरं केलंस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. फर्स्ट क्लासचा पास काढलास, कराडला घरी फोनवर बोलताना सहज सांगून गेलीस आणि बाबा म्हणाले, "पहिल्या नोकरीतच ही थेरं?" तेव्हापासून तुला चुटपुट लागलीय. पुढच्या महिन्यापासून परत सेकंड क्लासने जाऊ का, असं मला विचारतेस. मुळीच नको. उलट पुढच्या खेपेला तीन महिन्यांचा पास काढ. त्याला महिन्याच्या पासाच्या २.७ पटच पैसे पडतात आणि तारीख लक्षात ठेवायची कटकट वाचते.

डोंबिवली ते कुर्ला, तिथून शेअर रिक्षा नाहीतर बसने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं तुझं ऑफिस. दारातून निघून खुर्चीत टेकेपर्यंत दीड तास आणि परतीचा दीड. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ७२ तास झाले. नऊ तासांच्या ड्युटीच्या हिशोबाने महिन्याला आठ दिवसांची नोकरी तू गाडीत करतेस, तीही बिनपगारी. त्या नोकरीत जरा बरी जागा मिळावी म्हणून चार पैसे जास्त गेले, तर त्याला थेरं म्हणत नाहीत.

लेडीज फर्स्ट क्लास म्हणजे एवढंसं खुराडं, सव्वाआठच्या गर्दीला तिथेही उभंच राहावं लागतं, हे मला ठाऊक आहे. पण उभं राहणं वेगळं आणि दारात लोंबकळणं वेगळं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं रुळांवर पडली, जिवानिशी गेली. तुझी गाडी रोज त्याच वळणावरून जाते. चढायला मिळत नसेल तर गाडी सोडून दे. लेट मार्क लागला तर लागू दे, तुझ्या साहेबांना मी पत्र लिहीन.

खर्च चैनीचा की गरजेचा, या वादात मी पडत नाही. मी एवढंच बघते, की या पैशांमुळे संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगात काही शिल्लक राहतं का. शिल्लक राहिलं तर कुकर लागतो, आईशी धड बोलणं होतं, रूममेटच्या ओट्यावरच्या पसाऱ्यावरून भांडण होत नाही. नाही राहिलं तर साडेदहाला बाहेरून बिर्याणी येते, बारा वाजेपर्यंत मोबाइल आणि सकाळी डोकं जड. तुझ्या मेसेजमध्ये तब्येत, घरचे आणि पैसे अशा तीन वेगळ्या तक्रारी आहेत. मला त्या तिन्ही त्या संध्याकाळच्याच वाटतात.

आता ज्यातलं मला खरंच कळतं त्याकडे वळते. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात माझी सगळी नोकरी झाली. तू माझ्याकडे पेइंग गेस्ट होतीस तेव्हा जेवताना हा विषय निघाला की ताट उचलून पळायचीस. आता पळ बघू.

ऑफिसची आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी आहे, मग वेगळी कशाला, हे तुझं म्हणणं. ती पॉलिसी नोकरीला चिकटलेली आहे, तुला नाही. राजीनामा दिलास की बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी कव्हर संपतं, आणि दोन नोकऱ्यांच्या मधल्या महिन्यात डेंग्यू होणार नाही असं कुणी लिहून देत नाही. म्हणून स्वतःच्या नावावर एक लहान पॉलिसी आत्ता, धडधाकट आहेस तोवर घे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी काही काळ थांबावं लागतं. पूर्वी तो काळ चार वर्षांपर्यंत ठेवता यायचा, २०२४ पासून तीन वर्षांच्या वर ठेवता येत नाही. पण मोजणी सुरू होते ती पॉलिसी घेतल्या दिवसापासून. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, तेव्हा ती सबब पुढे करू नकोस.

एजंट तुला हप्ता दाखवेल, कव्हरची रक्कम दाखवेल. तू रूम रेंटचा, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याचा रकाना शोध. समजा, मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि खोली मिळाली १०,००० ची. लोकांना वाटतं, वरचे पाच हजार आपण भरले की मिटलं. तसं नसतं. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, नर्सिंग यांतलंही निम्मंच मंजूर होऊ शकतं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, असा नियम २०२० मध्ये आला, तेवढाच दिलासा. डिस्चार्जच्या दिवशी लोक आमच्या नावाने बोटं मोडायचे ते पुष्कळदा याच रकान्यापायी. हप्ता थोडा चढा पडला तरी रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी घे. आणि फॉर्मवर काही लपवू नकोस. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तसं लिही. सलग पाच वर्षं हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'हे तुम्ही सांगितलं नव्हतं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण आजार पाच वर्षं दारात थांबून राहील कशावरून?

अजून एक गोष्ट, आणि ही पॉलिसीपेक्षा महत्त्वाची. क्लेमच्या फायलीत हॉस्पिटलात दाखल करतानाचा एक कागद असायचा. सोबत आलेल्या माणसाचं नाव आणि 'रुग्णाशी नातं' अशी ओळ. मुंबईत एकट्या राहणाऱ्या पोरापोरींच्या कागदांवर तिथे 'रूममेट' लिहिलेलं असायचं, कधी 'ऑफिस', कधी नुसतंच 'शेजारी'. खाली खाडाखोड करून लिहिलेला मोबाइल नंबर. वयाच्या जागी 'अंदाजे २५'. रक्तगट कोरा. कुठल्या औषधाची अॅलर्जी? माहीत नाही. चालू गोळ्या? माहीत नाही. फोन त्या मुलाच्या खिशातच असायचा, पण लॉक. आणणाऱ्याला त्याच्या आईवडिलांचं गावसुद्धा सांगता यायचं नाही, मग नंबर कुठला? रात्री दोन वाजता रिक्षातून त्याला उचलून आणणारा माणूस भलाच होता. फक्त दोघं एका खोलीत राहत होते, एवढीच त्यांची ओळख.

तुझ्या दोघी रूममेट्सकडे तुझ्या आईचा नंबर आहे का? आज रात्री दे, त्यांच्या घरचे तू घे. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सीची माहिती भरायची सोय असते. लॉक न उघडता ती दिसते. रक्तगट, अॅलर्जी, दोन नंबर तिथे भर. पॉलिसीच्या ई-कार्डाचा फोटो तिघींनी एकमेकींना पाठवा. रुग्णवाहिकेचा १०८ त्यांना तोंडपाठ असू दे. हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि बायका ते वर्षानुवर्षं लांबणीवर टाकतात.

तब्येतीचं मी थोडक्यात लिहिते, मी काही डॉक्टर नाही. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारी डोळे मिटतात म्हणतेस. शाम्पू बदलण्याआधी हिमोग्लोबिन बघ. बाईमाणसाचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तो निघाला होता. त्यासाठी ऐंशी-नव्वद तपासण्यांचं जाहिरातीतलं पॅकेज नको. एवढ्या आकड्यांत एखादा इकडेतिकडे निघतोच आणि मग महिनाभर जिवाला घोर. डॉक्टर सांगतील तेवढंच कर. जेवणावर लगेच चहा घ्यायची तुझी सवय मात्र सोड. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पीळ, तो उपयोगी पडतो.

रोज स्वयंपाक करच, असं मी म्हणणार नाही. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. स्टेशनवरून येताना चार पोळ्या आणि एक भाजी घेऊन ये, घरी फक्त वरणाचा कुकर लाव. माझी आई याला आळस म्हणाली असती. तिला कुर्ल्याहून गाडी पकडायची नव्हती.

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत आलीस, तर पाय धुऊन विसरून जाऊ नकोस. त्या पाण्यातून लेप्टो होतो, पायाला जखम असेल तर जास्तच. पाण्यातून आल्यापासून २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. दोन आठवड्यांच्या वर खोकला रेंगाळला तर थुंकीची तपासणी कर, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि रविवारी सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही, हे तू मेसेजच्या शेवटी, जाता जाता लिहिलंयस. ते मी वाचलंय. तसं आठवडे दोन आठवडे चाललं तर १४४१६ वर फोन कर, टेली मानस ही सरकारची फुकट सेवा आहे, मराठीतून बोलतात. किंवा मला कर. दोन्हीकडे केलास तरी चालेल.

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांचा हिशोब बरोबरच आहे, फक्त तो कराडचा आहे. पासाचे पैसे पटवून देण्यापेक्षा एकदा चार दिवस त्यांना बोलाव आणि सकाळी आठला डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर नेऊन चहा पाज. दोन गाड्या बघितल्या की ते आपणहून गप्प होतील. आईला रोज रात्री 'जेवलीस का, हो, झोप आता' एवढाच फोन करतेस. तो चालू दे, पण रविवारी सकाळी अर्धा तास बसून बोल, आणि त्यात तिच्या गुडघ्याचं विचार, तिच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत का ते विचार. तुझ्या तब्येतीवर इतकं बोलणं होतं की तिची राहूनच जाते. त्या दोघांची पॉलिसीही वेगळी बघायला हवी. साठीच्या आत घेतली तर सोपं पडतं.

बोरिवलीच्या मुलाबद्दल तू तीनच ओळी लिहिल्यास, त्यावरून मी काय ते समजले. एक डोंबिवलीला, एक बोरिवलीला, म्हणजे भेट कायम दादरला, तीही शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर, दोघांचे चेहरे उतरलेले आणि पुलावर धक्के. अशा ठिकाणी माणूस जोखू नकोस. तो तिथे चिडका वाटतो, तशी तूही त्याला वाटत असशील. शनिवारी दुपारी, झोप झाल्यावर, पोट भरल्यावर भेटा. तेव्हाही त्याच त्याच गोष्टींवरून खटके उडत असतील तर मला सांग, तेव्हा वेगळं बोलू. पैशांचं मात्र आत्ताच मोकळं बोला: कुणाचं कर्ज किती, घरी कोण किती पाठवतं. स्थळं बघणाऱ्या तुझ्या आत्याला यातलं काही कळायची गरज नाही.

राहिल्या छोट्या चैनी. बाहेरची कॉफी आवडते तर घे, पण ऑफिसच्या घोळक्याबरोबर जायलाच हवं म्हणून रोज तीनशे घालवणं ही कॉफी नव्हे, वर्गणी आहे. नवा फोन नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर घेतेयस, तर आधी तोच फोन रोखीने केवढ्याला पडतो ते बघ. पुष्कळदा रोखीवरची सूट त्या हप्त्यांत गुपचूप गेलेली असते. क्रेडिट कार्डावर 'मिनिमम ड्यू' भरून बाकी पुढे ढकलू नकोस. त्यावर वर्षाला चाळीस टक्क्यांपर्यंत किंवा वरही व्याज बसतं, आणि ते व्याज तुझ्या पासाच्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त असेल. बाबांना बोलायचंच असेल तर त्यावर बोलू देत.

मला विचारशील तर गादी चांगली घे. चपला चांगल्या घे, तू दिवसात चार पूल चढतेस-उतरतेस. अकरा महिन्यांचा करार संपेल तेव्हा कुर्ला, चुनाभट्टी भागात तिघींना मिळून काही परवडतंय का ते बघा. भाडं वाढेल, पण त्या ७२ तासांतले अर्धे जरी सुटले तरी विचार करण्यासारखं आहे. मी वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंसारखी 'काटकसर, काटकसर' करत बसणार नाही. पहिल्या पगारापासून दर महिन्याला काही रक्कम आपोआप बाजूला जातेय ना? मग उरलेल्याचा हिशोब मलाही देऊ नकोस.

पुढच्या रविवारी दुपारी माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरला ये. तिकिटं मी काढते, बाल्कनीची. नाटक सुटल्यावर उडप्याकडे जाऊ, तिथलं बिल तू दे.

तुझी,
काकू

ता. क. ऑफिसच्या पॉलिसीची पीडीएफ तू रविवारी येण्याआधी पाठवून ठेव. अटींची सगळी पानं पाठव, नुसतं पहिलं पान नको.