काठावरची मोटर आणि निसर्गाचा नियम

प्रश्न : सर, आमच्या गावातल्या सगळ्या विहिरी ६० फुटांच्या आत आहेत. आणि काठावरची मोटर ३५ फुटांखालचं पाणी ओढत नाही, कितीही हॉर्सपॉवरची आणा. दोन्ही गोष्टी कायम खऱ्या. मग दुसरीलाच निसर्गनियम का म्हणायचं? (एक शेतकरी, केज तालुका)

उत्तर : तुम्ही ६१वा फूट खोदायला घेतलात तर अडवणार कोण? फार तर काळा पाषाण आणि रिकामा खिसा. मोटरीचं तसं नाही. न खोदलेल्या विहिरीबद्दलही छातीठोक सांगता येतं, की तिथं काठावर मोटर लावली असती तरी ३५ फुटांखालचं पाणी चढलं नसतं. योगायोगाच्या भरवशावर असं बोलता येत नाही.

मुळात मोटर पाणी ओढतच नाही. ती पाइपातला दाब कमी करते. पाण्याला वर ढकलते ती विहिरीतली हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट पाणी पेलतो; आपल्या पठारावर एक-दोन फूट कमीच. प्रत्यक्षात २५ फूट मिळाले तरी नशीब, म्हणून तर आपण मोटर खाली टप्प्यावर उतरवतो. सबमर्सिबल खालून ढकलते, तिला ही अट नाही. पूर्वी ‘निसर्गाला पोकळी सोसत नाही’ हाच नियम समजत. हवेच्या वजनाचं कारण इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीनं १६४४मध्ये मांडलं.

प्रश्न : पण नियम पाण्याला धरून ठेवतो का? ही सक्ती असते कुठं? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७३९मध्ये म्हणाला, एकामागून एक घटना दिसतात, सक्ती कधीच दिसत नाही. विसाव्या शतकातला अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याच्या मते नियम म्हणजे साऱ्या घटनांचा सर्वांत नेटका गोषवारा. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँगला हे पटेना. गुणधर्मागुणधर्मांतच बांधणारं नातं असतं, असं तो म्हणे. त्यावर लुईसची कोटी : नात्याला ‘सक्ती’ म्हटल्यानं सक्ती येत नाही, जसे आर्मस्ट्राँग (म्हणजे ‘बळकट बाहू’) आडनावानं दंड पीळदार होत नाहीत. कोटी फक्कड आहे, तरी मी आर्मस्ट्राँगकडे झुकतो. पाणी का थांबलं, तर थांबणं गोषवाऱ्यात आहे म्हणून, आणि गोषवाऱ्यात का, तर ते थांबलं म्हणून? मोटर दुरुस्त करणाऱ्यानं असं उत्तर दिलं तर तुम्ही त्याला पैसे द्याल?

प्रश्न : मग हे ३४ फूट विश्वात सगळीकडे अटळ? (निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : नाही. चंद्रावर हवाच नाही, तिथं इंचभरही चढणार नाही. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, अशा आड दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात : विस्तव असला की धूर असतोच असं नाही, सरपण ओलं लागतं. आपल्या विहिरीतलं ओलं सरपण म्हणजे हवा.