उघडे गीतपुस्तक, मिटलेले ओठ

अहिल्यानगरहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा १४ वर्षांचा मुलगा सतत रॅप ऐकतो. त्यातल्या काही गाण्यांत शिव्या आणि बायकांविषयी हिणकस भाषा आहे हे कळल्यावर वडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि यापुढे घरात ख्रिस्ती गीतांशिवाय काहीही वाजणार नाही, असे बजावले. तेव्हापासून मुलगा रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून उभा राहतो, पण ओठ हलवत नाही. “आमचे चुकले का?” असे त्या विचारतात.

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

असले शब्द मुलाच्या कानांवर रोज पडू नयेत असे वाटणे हा कर्मठपणा नव्हे. ते आईवडिलांचे कर्तव्यच आहे. चूक झाली ती इतकीच, की गाण्यातले शब्द आणि गाण्याचा बाज या दोन निराळ्या गोष्टी एकाच फटक्यात मोडीत निघाल्या. आपल्या मंडळ्यांत परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गायली जात असताना, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि पुढे तुमच्याच नगरमध्ये काम केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही या मातीतली रूपे ख्रिस्तभक्तीसाठी आपलीशी केली. ती मुळात ख्रिस्ती नव्हती. तरी आज टिळकांच्या गीतांवाचून आपली उपासना सुनी वाटेल. म्हणून मुलाला ठेका आवडतो एवढ्यावरून त्याचा विश्वास डळमळला असे कृपया मानू नका.

पारख करायची ती शब्दांची, आणि तीही त्याच्यासोबत बसून. एखाद्या संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर त्याच्या आवडीचे एक गाणे त्यालाच निवडू द्या, ते पूर्ण ऐका, शब्द समोर ठेवून वाचा आणि उपदेश न करता विचारा की यात त्याला काय भावते. कदाचित तो गाणारा मुलगा गरिबीविषयी किंवा अपमानाविषयी बोलत असेल, आणि ते तुमच्या मुलाला कोठेतरी लागत असेल. मग बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा; शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय अशा ज्या गोष्टींचे मनन करायला पौल सांगतो, त्यांत हे गाणे बसते का, याचे उत्तर आधी त्याला देऊ द्या. जेथे बाईची विटंबना आहे तेथे मात्र तुम्ही ठाम राहा आणि ते गाणे का नको हे स्पष्ट सांगा. स्पॉटिफायवर अशी गाणी बंद ठेवण्याची सोय आहे, तीही वापरा, पण ती सगळे पकडेलच असे नाही. लग्नाच्या वरातीत द्व्यर्थी गाण्यांवर आपण मोठी माणसे नाचतो, हेही मुले पाहत असतात. त्याचा विचार तुम्ही उभयतांनी करावा.

उपासनेत गाण्याची सक्ती काही दिवस नको. “आपल्या मुलांना चिरडीस आणू नका” हे वचन बापांना उद्देशून लिहिलेले आहे, म्हणून मोबाइल तुम्ही परत देऊ नका. ज्यांनी तो काढून घेतला त्यांनीच तो द्यावा, आपण रागाच्या भरात वागलो हे मुलाला सांगावे आणि पहिले गाणे त्याच्या शेजारी बसून ऐकावे.