गॅल्व्हनाइज्ड सळयांवर घेतलेले हाफ-सेलचे आकडे कसे वाचावेत

नमस्कार. पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दापोली परिसरात समुद्रापासून दोनशे मीटरच्या आत असलेली आपली इमारत नऊ वर्षांपूर्वी बांधली गेली आणि पार्किंगमधील १४ कॉलमांमध्ये गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, सळया वापरल्याची नोंद नकाशांवर आहे. अलीकडे झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हाफ-सेल चाचणी, म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागावरून सळईचे विद्युत विभव मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी, घेतली गेली. १० कॉलमांवर उणे ४२० ते उणे ५६० मिलिव्होल्ट, तीन कॉलमांवर उणे १८० ते उणे २२०, आणि पायथ्याशी तपकिरी डाग असलेल्या एका कॉलमवर उणे ६४० असे आकडे आले. त्यावरून ११ कॉलमांमध्ये गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असल्याचे लिहून त्या सर्वांना जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचे आवरण, सुचवण्यात आले आहे. डाग असलेला कॉलम सोडला तर कुठेही भेग नाही, ढलपा सुटलेला नाही, ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की एवढ्या माहितीवर जॅकेटिंगची वर्क ऑर्डर देऊ नये. अहवालातील आकडे चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ते ज्या तक्त्यावरून वाचले गेले तो तक्ता आपल्या सळयांसाठी नाही. उणे २०० पेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्के, उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज असण्याची शक्यता ९० टक्के, आणि मधला पट्टा अनिश्चित, हा निकष एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी मानकातून सर्वत्र पसरला. त्या मानकाच्या शीर्षकातच मुलामा नसलेल्या पोलादी सळया असे म्हटले आहे, आणि भारतीय मानक आयएस ५१६ च्या पाचव्या भागातील हाफ-सेलचा विभागही मुलामा नसलेल्या सळयांपुरताच आहे. ऑडिट करणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेले नसते असे नाही, पण अहवालाचा साचा तयार असतो आणि त्यात सळई कोणती हे विचारणारा रकानाच नसतो.

हाफ-सेल म्हणजे मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेली तांब्याची कांडी. तिच्या तुलनेत सळईच्या पृष्ठभागाचे विद्युत विभव किती आहे एवढेच मल्टिमीटर सांगतो. साधे पोलाद काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात, म्हणजे पीएच १२.५ च्या वर, अतिशय पातळ संरक्षक थराखाली निष्क्रिय असते आणि त्याचे विभव साधारण उणे १०० ते उणे २०० च्या आसपास राहते. जस्त मुळातच पोलादापेक्षा अधिक ऋण आहे. गॅल्व्हनाइज्ड सळई ओल्या काँक्रीटमध्ये पडली की पहिले काही तास ते काही दिवस जस्ताची काँक्रीटमधील चुन्याशी अभिक्रिया होते, हायड्रोजन वायू सुटतो आणि विभव उणे १४०० पर्यंत खाली जाते. या काळात सुमारे १० मायक्रॉन जस्त खर्ची पडते. त्याच्या बदल्यात कॅल्शियम हायड्रॉक्सिझिंकेटच्या स्फटिकांचा घट्ट थर सळईवर बसतो, अभिक्रिया थांबते आणि विभव वर चढत उणे ६५० ते उणे ४५० च्या पट्ट्यात येऊन स्थिरावते. म्हणजे आपल्या १० कॉलमांचे आकडे निरोगी, निष्क्रिय जस्ताचे असू शकतात. मात्र जस्त संपून आतले पोलाद गंजू लागले असेल तरीही नेमके हेच आकडे येतील. हाफ-सेल एकटी या दोन परिस्थितींत फरक करू शकत नाही, आणि म्हणूनच तिच्या एका आकड्यावर लाखोंचा खर्च टाकणे मला पटत नाही.

चाचणी कशी घेतली गेली हेही विचारून घ्या. काही वर्षांपूर्वी एका इमारतीत मी तपासणीच्या वेळी हजर होतो. तेथे तंत्रज्ञाने मल्टिमीटरची एक वायर गिलाव्यातून डोकावणाऱ्या बाइंडिंग वायरच्या टोकाला चिमट्याने लावली होती, आणि दुसऱ्या टोकाची कांडी ऑइलपेंटवर टेकवून तो आकडे लिहून घेत होता. आकडा प्रत्येक वेळी हलत होता. सळई छिन्नीने उघडी करून, ब्रशने चकचकीत घासून तिला जोडणी द्यावी लागते. एका कॉलममधील दोन सळयांमध्ये विद्युत सलगता आहे हे रोधमापन करून पाहावे लागते. रंग आणि गिलावा काढून काँक्रीट आधी पुरेसे भिजवावे लागते. आपल्या अहवालात जोडणी कुठे दिली याचे छायाचित्र नसेल तर ते मागा.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. चार जागा उघडा: डागाचा कॉलम, उणे ५०० च्या आसपास आकडा असलेले कोणतेही दोन कॉलम, आणि ज्या तीन कॉलमांना अहवालाने निर्धोक ठरवले त्यांपैकी एक. शेवटचा कॉलम मी मुद्दाम सुचवतो आहे. नऊ वर्षांच्या गॅल्व्हनाइज्ड सळईचे विभव उणे १८० असणे मला खटकते. हा आकडा साध्या, निष्क्रिय पोलादाचा वाटतो. गॅल्व्हनाइज्ड माल कमी पडला म्हणून शेवटच्या दोन-तीन कॉलमांत साध्या सळया गेल्या, असे साइटवर घडते, आणि नकाशावर त्याची नोंद कोणी करत नाही. तसे असेल तर आज सर्वांत सुरक्षित दिसणारे हे कॉलमच क्लोराइडपुढे, म्हणजे समुद्राच्या मिठातून येऊन सळई गंजवणाऱ्या घटकापुढे, सर्वांत दुबळे ठरतील.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तळहाताएवढी जागा कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीट, काढून उघडा आणि सळईला ग्राइंडर लागू देऊ नका. प्रथम ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे दर्शक द्रावण) फवारा. गडद गुलाबी रंग सळईपर्यंत पोहोचला तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता कमी होणे, अजून सळईजवळ आलेले नाही. मग सळई नीट निरखून पाहा. चांगल्या स्थितीतील जस्त फिकट राखाडी, मंद चमकीचे दिसते आणि त्यावर पिठासारखे पांढरे कण चिकटलेले असतात. ते कण पाहून घाबरू नये, तो वर सांगितलेला संरक्षक थर आहे. सळईचा छोटा भाग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करून त्यावर हाफ-सेलच्याच बाटलीतील मोरचुदाच्या द्रावणाचा एक थेंब ठेवा. जस्त शिल्लक असेल तर मिनिटभरात काळा, सहज पुसला जाणारा थर येतो. जस्त नसेल तर थेंबाखाली तांबूस, चिकटून बसलेला तांब्याचा पापुद्रा दिसतो. गॅल्व्हनायझिंगचा एकसारखेपणा तपासण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. नंतर तो भाग पाण्याने स्वच्छ धुवा, कारण तांबे सळईवर राहता कामा नये. त्यानंतर चुंबकीय जाडीमापकाने सळईच्या धारांमधल्या सपाट भागावर दहा-बारा ठिकाणी जस्ताची जाडी घ्या. दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन होतात. आपल्या बांधकामाच्या वेळचे गॅल्व्हनायझिंगचे प्रमाणपत्र सापडले तर नऊ वर्षांत किती जस्त गेले ते थेट कळेल.

त्याच ठिकाणांहून क्लोराइडसाठी भुकटी घ्या. ड्रिलने दर १० मिलिमीटरला वेगळी पुडी करून सळईच्या खोलीपर्यंत जा. सगळी भुकटी एकत्र करून दिलेल्या सरासरी आकड्याला काही अर्थ नाही, कारण प्रश्न सळईजवळ किती क्लोराइड पोहोचले हा आहे. साध्या सळईसाठी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के ही धोक्याची पातळी बहुधा धरली जाते. घनमीटरला ४०० किलो सिमेंट असेल तर ती १.६ किलो होते. गॅल्व्हनाइज्ड सळईसाठी ती पातळी सर्वसाधारणपणे दोन ते अडीच पट धरतात, म्हणजे सव्वातीन ते चार किलो. हा आधार नुसता कागदावरचा नाही. अटलांटिकमधील बर्म्युडा बेटावर १९५३ साली बांधलेल्या लाँगबर्ड पुलातील गॅल्व्हनाइज्ड सळया अनेक दशकांनंतर तपासल्या गेल्या, तेव्हा साध्या पोलादाला झेपले नसते एवढे क्लोराइड असूनही जस्ताचा मोठा भाग शिल्लक सापडला. मात्र जस्त हे मुदत वाढवते, कायमचे अभय देत नाही, आणि कव्हर कमी असेल किंवा काँक्रीट सच्छिद्र असेल तर ती वाढीव मुदतही लवकर संपते. किनारपट्टीच्या हवेत आयएस ४५६ नुसार किमान ४५ मिलिमीटर, आणि जेथे समुद्राचे तुषार थेट येतात तेथे ५० मिलिमीटर कव्हर अपेक्षित आहे. आपल्या कॉलमांचे कव्हर कव्हरमीटरने मोजून घ्या.

ऑडिट करणाऱ्यांना आणखी एक चाचणी करायला सांगा: रेषीय ध्रुवीकरण. हाफ-सेल गंजाची शक्यता सांगते, ही चाचणी गंजाचा वेग सांगते. सळईचे विभव दहा-वीस मिलिव्होल्टने हलवून किती प्रवाह वाहतो ते पाहिले जाते आणि स्टर्न-गिअरी समीकरणाने त्यातून वेग काढला जातो. चौरस सेंटिमीटरला ०.१ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी प्रवाह नगण्य, आणि १ पेक्षा जास्त म्हणजे तातडीचे. येथेही यंत्राला सळई जस्ताची आहे हे सांगावे लागते, कारण तेवढ्याच प्रवाहाला जस्त पोलादापेक्षा अधिक झिजते: १ मायक्रोअँपिअरला पोलाद वर्षाला सुमारे ११.६ मायक्रॉन, जस्त सुमारे १५. आपल्या कॉलमांत ०.१ च्या आसपास आकडा आला आणि ९० मायक्रॉन जस्त शिल्लक असेल, तर एकसारखी झीज गृहीत धरल्यास साठ वर्षांचा हिशेब होतो. क्लोराइडमध्ये झीज एकसारखी नसते, खड्डे पडतात, म्हणून हा आकडा मी निम्म्याने कमी करूनच वापरेन. तरीही जॅकेटिंगची घाई त्यातून सिद्ध होत नाही.

डागाच्या कॉलमविषयी मात्र मी वेळ दवडणार नाही. पायथ्याशी पाणी साचते का, तेथे रिंगांचे (उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्यांचे) कव्हर कमी पडले का, आणि त्या रिंगा साध्या लोखंडाच्या तर नाहीत ना, हे पाहा. गॅल्व्हनाइज्ड उभ्या सळयांना साध्या रिंगा आणि साधी बाइंडिंग वायर बांधली, तर जस्त स्वतः झिजून त्या साध्या लोखंडाला वाचवत राहते, आणि जोडाच्या आसपासचा मुलामा बाकीच्यापेक्षा फार लवकर संपतो.

आपला दुसरा प्रश्न संरक्षक भिंतीच्या सळयांविषयी होता: एक पुरवठादार सळयांवरील जस्तयुक्त रंग मीठ-फवारा चाचणीत किती तास टिकला ते दाखवतो, ते तास ग्राह्य धरावेत का. काँक्रीटमधील सळईसाठी धरू नयेत. त्या चाचणीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या जवळजवळ उदासीन द्रावणाचे धुके अखंड सोडले जाते. काँक्रीटमधील उच्च पीएच तेथे नसतो, त्यामुळे जस्तावर बसणारा तो विशिष्ट थर तेथे तयारच होत नाही. एकाच कारखान्यातील दोन खेपांची तुलना करायला ती चाचणी ठीक आहे. पुरवठादाराकडे एएसटीएम जी १०९ पद्धतीचे निकाल मागा. त्यात काँक्रीटच्या ठोकळ्यात वर एक आणि खाली दोन सळया ठेवतात, माथ्यावर दोन आठवडे ३ टक्के मिठाचे पाणी साठवतात, दोन आठवडे कोरडे ठेवतात, आणि वरच्या-खालच्या सळयांमध्ये १०० ओहमच्या रोधातून वाहणारा प्रवाह मोजत राहतात. चांगल्या काँक्रीटमध्ये ही चाचणी अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालते. निकाल आठवड्यात आणून देतो असे कोणी म्हणाले तर ती वेगळी चाचणी आहे हे ओळखा.

तपासणीसाठी उघडलेल्या चारही जागा पावसाळ्यापूर्वी बंद व्हायला हव्यात. सळईवर जस्त खरवडले गेले असेल तेथे सुकल्यावर ज्यात ९० टक्क्यांहून अधिक जस्त राहते असा झिंक-रिच प्रायमर लावा, आणि पॉलिमर मिसळलेल्या दुरुस्ती मॉर्टरने पूर्ण कव्हर भरून सात दिवस ओले ठेवा. क्लोराइडचे आकडे आले की पुड्यांच्या खोलीसह येथे लिहा, मी पाहून सांगतो.